शेपटी धरण्याचं काम

माझं अक्षर चांगलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधीच जमलं नाही. चौथीत बाई पाटी पुसून पुन्हा लिहायला लावायच्या, तर दुसऱ्यांदा वेगळीच चूक व्हायची. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे जन्मभर लिहिलं ते गोठ्यातल्या फळ्यावर खडूने, जनावराचा नंबर आणि त्याला किती शेर पेंड घातली एवढंच. तेव्हा वाचणाऱ्याने चुका सांभाळून घ्याव्यात.

भाची म्हणाली, "आत्या, तू केलंस ते काम दुसऱ्या बाईने केलेलं मी ऐकलं नाही. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाला लिहून दे." मी हो म्हटलं. पण लिहायला बसले तेव्हा कळलं की त्या नोकरीतलं मला एकच सांगायचं आहे, आणि ते मिरवण्यासारखं नाही. आंबिवलीच्या ठकूबाईची गाभण म्हैस माझ्यामुळे भाकड म्हणून विकली गेली. म्हणून आधी हे वहीत लिहिते आहे. अंकाला द्यायचं की नाही ते नंतर बघेन.

कल्याणला गुरांचा मोठा दवाखाना होता आणि त्याला लागून अकरा जनावरांचा गोठा. ही अकरा जनावरं आजारी नव्हती. ती शिकण्यासाठी ठेवलेली होती. मुंबईच्या कॉलेजातली मुलं शेवटच्या वर्षाला सहा-सहा आठवडे आमच्याकडे हाताचं काम शिकायला यायची. पुस्तकातलं सगळं त्यांना पाठ असायचं, पण बैल पाय उचलत नाही तेव्हा काय करायचं ते पुस्तकात नसतं. दोर टाकून जनावर न दुखवता आडवं कसं पाडायचं, बांबूच्या नळीने औषध पाजताना तोंड किती वर करायचं, म्हणजे औषध पोटात जाईल आणि फुप्फुसात जाणार नाही, हे इथे शिकायचं.

माझे वडील तिथे ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, जनावर धरणं ही त्यांची कामं. स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी त्यांना एका बैलाने भिंतीशी दाबलं आणि त्यांची कंबर गेली. मी तेव्हा सासरहून कायमची परत आलेली होते, चोवीस वर्षांची. दवाखान्याचे मुख्य गद्रे डॉक्टर, तेच मुलांना शिकवायचे, ते आमच्या खोलीवर आले आणि वडिलांना म्हणाले, "पांडोबा, इंदूला पाठवा. जनावरं ओळखतात तिला." पगार महिना चौतीस रुपये ठरला. वडील भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "पाठवतो. पण लोक हसतील, साहेब."

लोक हसलेच. चाळीतल्या बायका सांगायच्या, "इंदू, आधी आंघोळ, मग नळावर ये." मला त्याचं फार वाईट वाटायचं नाही. माणसांशी बोलायला मला लहानपणापासून जड जातं. जनावरांशी बोलावं लागत नाही, हात लावला की पुरतं.

माझं मुख्य काम शेपटी धरण्याचं. हे नीट सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच आहे. म्हैस गाभण आहे का, हे बाहेरून पाच-सहा महिने नीट कळत नाही. पण दुधावर जगणाऱ्याला ते लवकर कळावं लागतं. गाभण असेल तर तिला पोसायची, नसेल तर पुन्हा रेड्याकडे न्यायची, आणि राहतच नसेल तर भाकड म्हणून काढून टाकायची. खात्रीने सांगायचा मार्ग एकच. जनावर लाकडी खोड्यात उभं करायचं, नखं काढलेला हात साबण आणि तेल लावून शेणाच्या वाटेने कोपराच्या वरपर्यंत आत घालायचा, आणि आतड्याच्या पातळ पडद्यातून खालची गर्भाची पिशवी चाचपायची. डोळ्यांनी काही दिसत नाही. जे कळतं ते बोटांना. हे चालू असताना कुणीतरी मागे उभं राहून शेपटी बाजूला धरून ठेवायची असते. ती मी धरायचे.

गद्रे डॉक्टर पहिले आठ दिवस मुलांना म्हशीला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांनी माझ्याकडून गोणपाटाची एक पिशवी शिवून घेतली होती, तिला सदऱ्यासारखी एक बाही. आत पाणी भरलेले रबरी फुगे, आणि त्या पाण्यात कशात सुपारी, कशात आवळा, कशात लिंबू. मुलांनी बाहीतून हात घालून, डोळे मिटून सांगायचं, कशात काय आहे आणि कुठला फुगा नुसताच पाण्याचा आहे. डॉक्टर म्हणायचे, "ज्याला आवळा आणि लिंबू ओळखता येत नाही, त्याने माझ्या म्हशीपाशी यायचं नाही." ती पिशवी मी तीन वेळा नव्याने शिवली. तिचा मला अजून अभिमान आहे, आणि या सगळ्यात तेवढाच उरला आहे.

मुलं वाईट नव्हती. चांगल्या घरची, पांढऱ्या सदऱ्यांची. पहिल्या दिवशी नाकाला रुमाल आणि तिसऱ्या आठवड्यात शेणाच्या हातानेच चहाचा कप. एकाने साखरपुड्याची अंगठी काढायची विसरून हात घातला. हात बाहेर आला, अंगठी आली नाही. तो पांढराफटक पडला. "सर, आता घरी काय सांगू?" डॉक्टर म्हणाले, "खरं सांगा. म्हशीने आधी पसंत केलं." दुसऱ्या दिवशी शेण कालवताना मला ती सापडली. मी ती राखेने घासून कागदात बांधून दिली. त्याने मला वाकून नमस्कार केला, तेव्हा मी पळूनच गेले.

एका जनावरात दिवसाला तीनच हात, हा आमचा नियम. जास्त झाले की आतून सोलपटतं, रक्त येतं. मी फळ्यावर रेघा मारायचे आणि चौथा मुलगा आला की मान हलवायचे. मोठमोठ्या घरची मुलं माझ्या मान हलवण्यावर मागे फिरायची. मला बरं वाटायचं.

एकदा मुलं गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "इंदू, तूही हात घाल. तुझा लहान आहे, तिला त्रास व्हायचा नाही." मी लाजले, पण घातला. ती म्हैस सहा महिन्यांची गाभण होती. मला आत काही म्हणजे काहीच लागलं नाही. तसं सांगितल्यावर ते हसले. म्हणाले, "इथेच सगळे फसतात. पाच-सहा महिन्यांना पिशवी जड होऊन पोटात खाली उतरते, हाताला सापडत नाही. नवखा म्हणतो, रिकामी. रिकामी वाटली की थांबायचं. बाजूला हाडाजवळ शीर आहे, ती शोध." मी शोधली. शेजारच्या खोलीत शिवणयंत्र चालू असावं आणि आपण मधल्या भिंतीला हात लावावा, तशी ती शीर थरथरत होती. नुसती उडत नव्हती, थरथरत होती. तशी थरथर गाभण जनावरातच असते. पुढे मी अकराही जनावरं वरचेवर तपासायला लागले. डॉक्टर निकाल वहीत लिहायचे आणि कधी कधी मला विचारून लिहायचे.

परीक्षा आमच्याच गोठ्यात व्हायची. मुंबईहून दोन परीक्षक यायचे. प्रत्येक मुलाला तीन जनावरं. गाभण की रिकामी, गाभण तर किती महिने, एवढं सांगायचं. तीनांपैकी दोन चुकली तर वर्ष गेलं.

ठाण्याचा मधू प्रधान नावाचा मुलगा होता. वडील कचेरीत कारकून, घरात डॉक्टरकी शिकणारा हा पहिलाच. लेखी परीक्षेत नेहमी वर, पण बोटं मुकी. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो गवताच्या गंजीमागे रडत बसलेला मला दिसला.

"काय झालं?" मी विचारलं. मी आपण होऊन विचारलं, हे मलाच नवीन होतं.

"ताई, गोणपाटात लागतं, म्हशीत काहीच लागत नाही. सगळं सारखंच गरम आणि मऊ. उद्या मी बसतच नाही."

मी आजूबाजूला कुणी नाही ना ते बघितलं. मग म्हटलं, "माझ्या शेपटीकडे बघा."

तो रडता रडता हसला. "तुमच्या?"

मी पदर तोंडाला लावला. मग सांगितलं. खोड्याच्या एका बाजूला भिंत आहे, दुसऱ्या बाजूला दार. मी शेपटी भिंतीकडे धरली तर जनावर रिकामं. दाराकडे धरली तर गाभण. शेपटीवर माझी जितकी बोटं दिसतील तितके महिने, पाचाच्या वर असेल तर दुसऱ्या हाताची बोटं पाठीवर.

तो तिन्ही बरोबर सांगून पास झाला. परीक्षकांनी पाठ थोपटली. जाताना त्याने दोन रुपये माझ्या हातात ठेवले. मी "नको, नको" म्हटलं, पण हात मागे घेतला नाही.

पहिलं मी दयेपोटी केलं, हे खरं आहे. पुढचं मात्र तसं नाही. मुलांमुलांत ते पसरलंच. पुढच्या तुकडीतला एकजण आल्या आल्या हळूच म्हणाला, "ताई, शेपटीचं ठरलंय ना?" आणि दोन रुपये हा दरही त्यांनीच ठरवून आणला होता. मला वडिलांच्या औषधासाठी घेतले असं लिहिता आलं असतं, पण वडिलांना दवाखान्याकडून थोडं मिळत होतं. मी त्या पैशांतून पितळी स्टोव्ह घेतला. चाळीत आमच्या ओळीत तेव्हा कुणाकडे नव्हता. नळावर आधी आंघोळ करून ये म्हणणाऱ्या बायका स्टोव्ह बघायला आल्या, तेव्हा मला फार सुख झालं. तीन परीक्षांत मिळून एकतीस मुलं माझ्या शेपटीवर पास झाली. शेपटी माझी म्हणून मुलं हसायची आणि मीही हसायचे.

गद्रे डॉक्टरांच्या काही लक्षात आलं नाही. त्यांना वाटलं आपली गोणपाटाची पिशवी चालली. ते मला म्हणालेसुद्धा, "बघ इंदू, पिशवीचा गुण." मी मान खाली घातली. ते म्हणाले, "लाजतेस काय? शिवलीस तू."

दोन वर्षांनी मधू प्रधान आमच्याच दवाखान्यात मदतनीस डॉक्टर म्हणून लागला. तो रुबाबदार झाला होता, पण मला ताईच म्हणायचा.

होळी होऊन गेल्यावर एका सकाळी ठकूबाई म्हैस घेऊन आली. आंबिवलीहून चालत, म्हशीला वाटेत डबक्यात बसू दिली होती, त्यामुळे म्हैस चिखलाने लडबडलेली. बाई आगरी, चाळिशीची, अंगाने बारीक, काष्टा घट्ट मारलेला. नवरा वीटभट्टीवर जायचा, दोन मुली, आणि ही एक म्हैस. स्टेशनाजवळच्या चहावाल्याला दूध घालायची.

"डाक्टर, गनपतीत रेडा दाखवला व्हता," ती म्हणाली. "मंग मदी एकदा वरडली, माजावर आल्यावानी. ऱ्हायली का नाय ते सांगा. दूध आटलंय. नाय ऱ्हायली तर मी हिला कवर पेंड घालू? माजं घर खाईल ती."

प्रधानने हात घातला. मी शेपटी धरून उभी. गद्रे डॉक्टर दहा पावलांवर टेबलाशी लिहीत होते. ठकूबाईला राहवेना. ती दाराकडून वाकून वाकून बघत होती, जणू तिलाही आतलं दिसणार होतं. शेपटी शेणाने आणि चिखलाने भरलेली. म्हशीने एक झटका दिला असता तर बाईच्या तोंडावर बसली असती. म्हणून मी शेपटी ओढून भिंतीकडे धरली.

प्रधान आत चाचपत होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मग त्याने मान वळवली आणि शेपटीकडे बघितलं. मला कळू नये म्हणून चटकन नजर काढून घेतली, पण मी बघितलं होतं.

त्याने हात बाहेर काढला. "रिकामी आहे, बाई."

"बरोबर बगितलंव ना?"

"बघितलं."

'शीर बघितली का?' एवढंच मला म्हणायचं होतं. ते तीन शब्द माझ्या तोंडात आलेले होते. गणपतीपासून होळीपर्यंत सहा महिने होतात, हे मला बोटांवर मोजता येत होतं. आणि सहा महिन्यांनाच सगळे फसतात, हेही मला माहीत होतं. पण मी बोलले असते तर गद्रे डॉक्टर टेबलावरून उठून आले असते, त्यांनी हात घातला असता, मग प्रधानला विचारलं असतं, मग तो शेपटीकडे का बघत होता ते निघालं असतं. मी मनाला सांगितलं की तो आता डॉक्टर आहे, त्याला लागलंच असेल. शेपटी सोडली आणि बादली उचलून विहिरीवर गेले. मी परत आले तेव्हा ठकूबाई म्हशीला खोड्यातून सोडवून घेऊन निघाली होती. जाताना म्हशीला म्हणत होती, "चल गो रांडे, फुकट चालवलंस मना." डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं आणि त्याच बाजूच्या कानाला चीर. जनावरं माझ्या लक्षात राहतात.

आठ दिवसांत तिने ती दलालाला विकली, हे दुसऱ्या एका दूधवाल्याकडून कळलं. सव्वाशे रुपयांना.

आषाढात गद्रे डॉक्टर मुलांना दाखवायला म्हणून दिवा गावच्या एका तबेल्यात घेऊन गेले. म्हैस व्यायली होती, पण वार, म्हणजे पिल्लाभोवतीचं आवरण, पडली नव्हती. ती हाताने सोडवून काढावी लागते, आणि असं शिकायला रोज मिळत नाही. शेपटी धरायला मी बरोबर. तबेल्यात अंधार होता. म्हशीने मान वळवली आणि मला मोडकं शिंग दिसलं. मग कानाची चीर. शेजारी पारडी उभी राहायला शिकत होती.

तबेलेवाला खुशीत होता. मुलांना सांगत होता, "दलालाकडून एकशे साठला घेतली, भाकड म्हणून. आणून बांधली तर महिन्याभरात पोट दिसायला लागलं. दोन वेळचं सात शेर देईल ही. ज्याने विकली त्याचं डोकं तपासा तुम्ही डॉक्टर लोकांनी."

मुलं हसली. डॉक्टर म्हणाले, "ज्याने तपासली त्याचं." आणि मुलांकडे वळून शांतपणे समजावलं की सहा महिन्यांना पिशवी खाली जाते, हाताला लागत नाही, म्हणून शीर शोधायची. मी हे शंभर वेळा ऐकलं होतं. माझ्या हातातून शेपटी सुटली आणि डॉक्टरांच्या तोंडावर बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ते रागावले नाहीत. "बरं नाही का तुला?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रधानला गंजीमागे बोलावलं. सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तुम्ही शेपटी भिंतीकडे का धरली?"

"बाईच्या तोंडाला शेण लागेल म्हणून."

तो तोंडावर हात घेऊन बसला. मग म्हणाला, "मला वाटलं तुम्ही मदत करताय."

"तुम्हाला आत काय लागलं होतं?"

"काहीच नाही. मला कधीच काही लागत नाही, ताई." मग एकदम उभा राहिला. "सरांना सांगू नका. माझं लग्न ठरलंय. तुमचीही नोकरी जाईल." खिशात होते ते तीस रुपये त्याने काढून दिले. "हे त्या बाईला द्या. माझं नाव नको." पुढच्या महिन्यात त्याने बदली मागून घेतली. त्याचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. तो जिथे गेला तिथेही म्हशी असणारच.

मी स्टोव्ह विकला. पंधरा रुपये आले. एका रविवारी आंबिवलीला उतरले आणि ठकूबाईचं घर विचारत गेले. ती दारात दुसऱ्याच्या गुरांसाठी कापलेल्या गवताचे भारे बांधत होती.

"तू शेपटीवाली ना गो?" तिने लगेच ओळखलं. "आता म्हस कुटं हाय धरायला?"

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. भिंत, दार, बोटं, दोन रुपये, सगळं. इतकं मी एका दमात आयुष्यात कधी बोलले नव्हते. दिव्याच्या तबेल्याचंही सांगितलं. तिने विळा खाली ठेवला.

"पारडी झाली का रेडा?"

"पारडी."

तिने अर्धवट बांधलेला भारा पायाने बाजूला सारला. मग म्हणाली, "मंग तू त्या टायमाला का नाय बोललीस?"

"घाबरले."

"कोनाला?"

"मोठ्या डॉक्टरांना. नोकरीला."

"आनि मना नाय घाबरलीस," ती म्हणाली. "मना कोन घाबरनार."

मी पंचेचाळीस रुपये पुढे केले. तिने घेतले, मोजले, कमरेला खोचले. मला वाटलं होतं ती नको म्हणेल, किंवा शिव्या देईल. तिने तसं काही केलं नाही. "तू शिकलेली हायस, तूच हिशोब कर," म्हणाली. "व्याला आलेली म्हस साडेतीनशेला जाते. मना सव्वाशे भेटले."

"दोनशे पंचवीस राहतात."

"त्यातले हे पंचेचाळीस. बाकी?"

"एकशे ऐंशी. महिन्याला पाच देईन."

"दे," ती म्हणाली आणि विळा उचलला. "मी नाय म्हननार नाय. माजी म्हस व्हती."

असं तीन वर्षं चाललं. पगार मधे चाळीस झाला, वडील वारले, आणे जाऊन नवे पैसे आले. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आंबिवलीला जायचे. पहिल्या वर्षी तिने मला पाणीसुद्धा विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी एकदा शेजारीण म्हणाली, "ठके, ही कोन येते गो तुज्याकडं दर महिन्याला?" ठकूबाई म्हणाली, "भिशी हाय आमची." मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं नाही. पैशांचं ती काय करते मी कधी विचारलं नाही. एकदा दारात दोन शेळ्या दिसल्या.

गोठ्यात मी शेपटी धरणं चालू ठेवलं, पण परीक्षेला सरळ वर धरायला लागले, हात दुखेपर्यंत. पहिल्या वर्षी मुलांना कळेना. एकजण माझ्या पुढून जाताना पुटपुटला, "ताई, दोनाचे चार देतो." त्या वर्षी सातजण नापास झाले. गद्रे डॉक्टर फार कष्टी झाले. त्यांना वाटलं आपलं शिकवणं कमी पडलं, आणि त्यांनी मुलांना आठाऐवजी पंधरा दिवस पिशवीवर बसवलं. मी तेव्हाही त्यांना सांगितलं नाही. ठकूबाईला सांगितलं ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. का, ते मला नीट लिहिता येत नाही. ते मला चांगली समजत होते, तेवढं एक मला सोडवलं नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा दवाखान्याच्या अंगणात मांडव घालून समारंभ केला. जुने विद्यार्थी लांबलांबून आले. डॉक्टर बोलायला उठले आणि म्हणाले, "तुम्ही सगळे माझं नाव घेता. पण तुम्ही पहिल्यांदा हात घातलात तेव्हा शेपटी कुणी धरली होती, ते विसरू नका. इंदूबाई, पुढे या." मागच्या रांगेतले पाचसहाजण मोठ्याने हसले आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले. त्यांना बघून सगळ्यांनी वाजवल्या. डॉक्टरांनी माझ्या हातात नारळ दिला. मी मागच्या रांगेकडे बघितलं. ते सगळे आता डॉक्टर होते. कुणी जुन्नरला, कुणी पालघरला, कुणी कुठे. एकतिसांपैकी प्रधानच काय तो मला ठाऊक होता, कारण तो माझ्या डोळ्यांदेखत चुकला. बाकी तिसांच्या हाताखालून कुणाकुणाची म्हैस गेली असेल, ते कळायला मला वाट नाही. त्यांचं मी काहीच फेडू शकले नाही.

शेवटचा हप्ता द्यायला गेले तेव्हा मी पाचाऐवजी दहा रुपये नेले होते. दोन पाचाच्या नोटा. ठकूबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. धाकट्या मुलीचं लग्न झालं होतं, घरात ती एकटीच होती. मी नोटा दिल्या. तिने बोट ओलं करून मोजल्या.

"या दोन हायत."

"असू दे."

"ऱ्हायले किती व्हते?"

"पाच."

"मंग ही कशाची?"

तीन वर्षं तिच्या दारात येऊनही मला तिच्यासमोर पटकन बोलता यायचं नाही. म्हटलं, "व्याज नाही. अशीच. मला बरं वाटेल."

ठकूबाईने मिरच्यांवरून हात फिरवला, एक सडकी निवडून बाहेर टाकली.

"मी म्हशीचे पैसे घेतले," ती म्हणाली. "ते झाले. तुला बरं वाटायचं ते मी कशाला घेऊ? ते तुजं तू बग."

तिने एक नोट कमरेला खोचली आणि दुसरी माझ्यापुढे धरली. मी हात पुढे करीना, तशी म्हणाली, "घे गो. गाडी जाईल तुजी."

मी ती नोट घेतली. दोनशे पंचवीस रुपये पुरे फिटले.